गोरेटी डीनीच्या कपाळावरची राख

व्यक्ती : स्त्री, मध्यमवयीन. निवास : उत्तर आयर्लंडमधील डेरी (कॅथलिकांसाठी) किंवा लंडनडेरी (प्रॉटेस्टंटांसाठी), वाचणाऱ्याला जे पटेल ते. वर्गवारी : कणांचा उगम, सजीव. सदर उगम श्वास घेतो, बोलतो, क्वचित शिंकतो व या प्रत्येक क्रियेत हवेत बारीक कण सोडतो. केस, कोंडा, कातडीचा भुसा, कपड्यांचे धागे व नुकत्याच ओढलेल्या सिगारेटचा धूर हे त्याचे नेहमीचे उत्सर्जन होय. उगम बसलेला असता कण कमी, चालता असता अधिक. धावता असता किती याची नोंद नाही, कारण धावण्यास मनाई आहे. सदर उगम डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतल्यास त्यास चौथ्या कक्षात सोडण्यास हरकत नाही. त्याच्यापासून कोणताही कण बाहेर पडणार नाही, याची संपूर्ण व्यवस्था करण्यात आलेली आहे.

कारखान्याच्या शिकवणीत गोरेटी डीनीचं वर्णन हे असं होतं. आम्हा सगळ्यांचंच होतं. फरक असलाच तर सिगारेटच्या ओळीचा. वर्षातून दोनदा सगळ्या पाळीला एका खोलीत बसवून हे वाचून दाखवत आणि शेवटी विचारत, "काही शंका?" गोरेटीची शंका ठरलेली असायची. "हा कागद घरी नेऊन नवऱ्याला दाखवला तर चालेल का? त्याला वाटतं मी फक्त बोलणं सोडते."

कारखान्याचं नाव पेनीबर्न हेड्स. गावात त्याला डोक्यांचा कारखाना म्हणत, आणि तिथं काम करणाऱ्या बायकांना त्यावरून जे ऐकून घ्यावं लागे ते इथं लिहिण्यासारखं नाही. ही डोकी हार्ड डिस्कची. आत गरगर फिरणारी चकती, तिच्यावर चुंबकाचे ठिपके, आणि वरून तरंगत जाणारं हेड. कुठल्या ठिपक्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे एवढंच ते हेड वाचतं. लोकांच्या लग्नाचे फोटो, वकिलांची पत्रं, सरकारची गुपितं, सगळं त्या ठिपक्यांच्या तोंडात. हेड चकतीला टेकत नाही. टेकलं तर दोघंही संपली. मधली फट नॅनोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे केसाच्या जाडीचे हजारो भाग करायचे आणि त्यातला एखादा उचलायचा.

आमचा पाळीप्रमुख युजीन मॅक्डेड नव्या मुलींना हे आपल्या पद्धतीनं समजावत असे. "असं समजा, हेड म्हणजे आपला गिल्डहॉल. घड्याळाच्या मनोऱ्यासकट अख्खी इमारत चौकावरून उडत चाललीय, आणि खाली फक्त एक पुठ्ठा सरकेल एवढी जागा. आता चौकात कोणी बादली ठेवली तर? ती बादली म्हणजे धुळीचा एक कण. बारीकातला. जाडा कण असेल तर चौकात तुम्ही स्वतः उभ्या आहात असं समजा." एखादी मुलगी नेहमी विचारायची की मग गिल्डहॉल उडवायचाच कशाला. मग युजीन पुढचा मुद्दा घ्यायचा.

गोरेटी चौथ्या कक्षात होती. तिथं हेड जन्माला येई. ताटलीएवढ्या चकचकीत पातळ तबकडीवर, म्हणजे वेफरवर, यंत्र एकावर एक धातूचे थर चढवी, काही थर तर इतके पातळ की त्यांची जाडी बोटांवर मोजता येणाऱ्या अणूंएवढी. एका वेफरवर हजारो हेड एकदम उगवत. त्या थरांखाली एखादा कण दडून राहिला तर त्याच्यावरचं हेड जन्मतःच मेलेलं. यंत्रातून वेफर बाहेर आलं की गोरेटी ते दिव्याखाली किंचित कलतं धरी. कबुतराच्या मानेवर फिरतो तसा रंग त्याच्यावरून फिरे. तेवढं बघायची गरज नव्हती, तपासायला वेगळी यंत्रं होती. पण ती बघायची, आणि "माझी वेफरं" म्हणायची. कंपनीची असं ती कधी म्हणाली नाही.

तिची आई सिसी शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. डेरीत त्या काळी बायका कामाला जात आणि पुरुष घरी मुलं सांभाळत, कुत्री फिरवत आणि सरकारला शिव्या देत. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक शर्ट पांढरा. म्हणून राखेच्या बुधवारी, म्हणजे कॅथलिकांचा ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कारखान्याच्या दारात मिस ऑर नावाची मुकादमीण ओलं फडकं घेऊन उभी राही. चर्चमध्ये सकाळची मिस्सा, म्हणजे उपासना, करून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आलेल्या बायका तिच्यासमोरून एकेक करून जात, आणि मिस ऑर एकाच फडक्यानं सगळ्यांची कपाळं पुसून काढी. कॉलरला डाग लागू नये म्हणून. तिचंही चूक नव्हतं. राखेचा डाग पांढऱ्यावरून जात नाही. सिसी दर वर्षी संध्याकाळी घरी येऊन चहा टाकताना म्हणायची, "पुढच्या वर्षी नाही पुसून घ्यायची मी." पुढच्या वर्षी ती पुसून घ्यायची. हे तिच्या निवृत्तीपर्यंत चाललं. मग कारखाना बंद पडला, मिस ऑर गेली, आणि ज्या नोव्हेंबरनंतरची ही गोष्ट आहे त्या नोव्हेंबरात सिसीही गेली.

आमच्याकडं फडकं घेऊन कोणी उभं राहत नसे. काळ सुधारला होता. कपडे बदलायच्या खोलीत बेसिन होतं, शेजारी धागे न सुटणाऱ्या पुसण्यांचा गठ्ठा होता, आणि आम्ही आपापली कपाळं आपणच पुसत असू. राखेच्या बुधवारी पहाटेची मिस्सा गाठायची, फादरांनी अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढायचा, "लक्षात ठेव माणसा, तू धूळ आहेस आणि धुळीलाच मिळशील" हे ऐकायचं, आणि गाडीत बसून जिथं नेमका धुळीलाच मज्जाव आहे तिथं कामाला यायचं. राख चर्चपासून बेसिनपर्यंत टिके. पश्चात्तापाला एवढा वेळ पुरेसा आहे असं आमच्यात कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी तक्रारही केली नव्हती.

त्या वर्षी गोरेटी आली, बेसिनासमोरून गेली आणि बाकावर बसली.

हा बाक आमच्या कारखान्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा. खोलीच्या मधोमध आडवा. अलीकडं घाण, पलीकडं स्वच्छ. अलीकडच्या बाजूनं बसायचं, बूट काढायचे, पाय जमिनीला न टेकवता उचलून पलीकडं फिरवायचे, आणि तिकडं उतरल्यावर पांढरा पोशाख, टोपडं, मुखपट्टी, हातमोजे चढवायचे. दोन आयर्लंडांच्या सरहद्दीवर वाढलेल्या माणसांना हे शिकवावं लागलं नाही. गोरेटी बाकाच्या मध्यावर बसली. पाय घाणीच्या बाजूला.

युजीन बेसिनापाशी आपलंच कपाळ कोरडं करत होता.

"गोरेटी, कपाळ."

"आहे की जागेवर."

"पुसायचं राहिलंय."

"राहिलं नाही. ठेवलंय."

युजीननं पुसणं कचऱ्यात टाकलं आणि तिच्याजवळ येऊन आवाज खाली आणला. "हे बघ, मीही पुसलंय. मी काय कमी कॅथलिक आहे?"

"तुझं मला काय माहीत, युजीन. तू नाताळच्या मिस्सेलाही फुटबॉलचा शर्ट घालून येतोस."

पलीकडच्या बाजूला तेरेसा हीनी पोशाखात पाय घालत होती. ती तिकडूनच म्हणाली, "अगं, टोपडं भुवयांपर्यंत येतं. चढव आणि चल आत. कोण बघतंय?"

"लपवून न्यायची तर पुसलीच असती ना," गोरेटी म्हणाली. "आणि माझ्या वेफरांवर राख पाडू? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग करणार काय तू?"

"बसणार."

नियम युजीनला पाठ होता आणि गोरेटीलाही. पाळीवर हजर होऊन जो पोशाख करायला नकार देईल त्याची कक्षाची परवानगी जाते. परत मिळवायची तर पहिल्यापासून शिकवणी, परीक्षा, आणि रिकामी जागा. रिकामी जागा चौथ्या कक्षात कधी नसे. परवानगी गेलेली माणसं मागच्या बाजूला खोकी बांधायला जात. वाईट काम नव्हतं ते. तिथं रेडिओ लावता येई, पावडर लावून येता येई. पण तिथं वेफर दिव्याखाली कलतं धरता येत नसे.

"पॅकिंगला पाठवतील तुला," युजीन म्हणाला.

"ठाऊक आहे."

"कायमची."

"ठाऊक आहे म्हटलं ना रे, युजीन."

तेवढ्यात हेझल पॅटन आली. हेझल नदीपलीकडच्या प्रॉटेस्टंट वस्तीतली, प्रेस्बिटेरियन पंथाची, पाचव्या यंत्रावरची. गोरेटीच्या शेजारी तिची उभी हयात गेलेली. पोशाखात फक्त डोळे दिसतात, पण या दोघी एकमेकींना भिंतीआडून चालीवरून ओळखत.

"हे काय गं? येताना कोळसा भरलास की काय?"

"राख आहे."

"ते दिसतंय. आज तुमचा उपास, म्हणून मी मुद्दाम बेकन खाऊन आलेय. येतोय का वास?"

"येतोय. नरकात तुला तळायला वेगळं तेल लागणार नाही."

"आमच्याकडं तळत नाहीत. नुसतं उकडतात," हेझल म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की युजीन हसत नाहीये. तिला सगळं सांगण्यात आलं. युजीननं सांगता सांगता विचारूनही टाकलं : हेझलला गोरेटीच्या चार नंबरच्या यंत्राचीही परवानगी होती, तर आजचा दिवस दोन्ही यंत्रं ती बघेल का?

"परवानगी आहे," हेझल म्हणाली. "इच्छा नाही."

"हेझल, तुझा यात काय संबंध?"

"काहीच नाही. ही राख मला अजिबात पटत नाही. कपाळाला घाण फासून देव खूश होतो हे मला पटत नाही, आणि हे मी हिला इतकी वर्षं तोंडावर सांगत आलेय." तिनं पिशवी खाली ठेवली आणि गोरेटीच्या शेजारी बाकावर बसली. "पण ते मी सांगायचं. कंपनीनं नाही."

"सरक जरा," गोरेटी म्हणाली. "बेकनचा वास येतो."

"आमच्या लोकांनी एकदा कॅथलिक राजाच्या फौजेसमोर गावाचे दरवाजे आतून लावून घेतले होते. तीनशे वर्षं झाली, अजून दर वर्षी ढोल वाजवतो आम्ही. बाकावर बसणं म्हणजे काहीच नाही."

दरवाजांवर या गावात दुसऱ्या बाजूच्या माणसानं काही बोलायचं नसतं. कामावर तर नाहीच.

मग साहेब आले. आर्लन हॉगन अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आलेला, उंच, सभ्य, कोणालाही "मला आर्लन म्हणा" असं सांगणारा. डेरीत येण्याआधी त्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. गळ्यातली कुठली साखळी, छातीवरचं कुठलं फूल, गाडीवरचा कुठला झेंडा कोणाला कसा लागतो, याचं. राख त्यात नव्हती. तो बाकासमोर घाणीच्या बाजूला गुडघ्यावर बसला, कारण उभं राहून बाईशी बोलणं बरं दिसत नाही असं त्याला शिकवलं होतं.

"गोरेटी, हा प्रश्न धर्माचा नाही. फक्त कणांचा आहे."

"मान्य आहे."

आर्लन याला तयार नव्हता. "मान्य आहे?"

"पहाटे फादरांनी सांगितलं, तू धूळ आहेस. वर्षातून दोनदा तुम्हीही तेच वाचून दाखवता. तुमचं दोघांचं एकमत झालेली ही एवढीच गोष्ट, तिच्याशी मी कशाला भांडू?"

आर्लननं थोडा विचार केला आणि न्यायानं वागायचं ठरवलं. कोपऱ्यात एक काचेचा कोठा होता, नवे पोशाख तपासायचा. त्यात माणूस उभा केला की त्याच्यापासून किती कण सुटतात ते यंत्र मोजे. टोपड्याच्या आत राख तशीच राहत असेल, बाहेर काही येत नसेल, तर आजच्यापुरतं राख ठेवून आत जायला आपली हरकत नाही, असं त्यानं सांगितलं. हा खरोखर मोठेपणा होता, आणि कारखान्यात तसं कोणी आधी केलं नव्हतं. गोरेटी म्हणाली, "बघू तरी." तिनं टोपडं चढवलं आणि कोठ्यात उभी राहिली. आकडा शांत होता. मग युजीननं सांगितलं म्हणून तिनं मान उजवीकडं-डावीकडं वळवली, टोपड्याचं कापड कपाळावर घासलं, आणि आकडा असा चढत गेला की युजीननं यंत्र बिघडलं का म्हणून मागं जाऊन वायर बघितली.

यंत्र ठीक होतं.

"गोरेटी," आर्लन हळूच म्हणाला, "राख गळतेय."

"गळणारच. राख आहे ती." तिनं टोपडं काढून घडी घातली आणि पुन्हा बाकावर आपल्या जागी येऊन बसली. "मला आत सोडा असं मी म्हणालेच नव्हते. मी पुसणार नाही, एवढंच म्हणतेय."

"मग आजची सुट्टी घ्या. मी सही करतो. परवानगीला धक्का लागणार नाही."

हाही मोठेपणाच होता. युजीननं गोरेटीकडं असं बघितलं की घे बाई, आता तरी घे.

"सुट्टी कशाला? मी आजारी नाही. घरात कोणी मेलेलं नाही. मेली ती नोव्हेंबरात मेली, तेव्हा घेतली सुट्टी." आणि तिनं आर्लनला सिसीचं आणि मिस ऑरच्या फडक्याचं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, दुसऱ्या कोणाच्या तरी आईबद्दल सांगावं तसं. "आईला कोणी चर्चमध्ये जाऊ नको म्हणालं नाही. घरी बस, असंही म्हणता आलं असतं. कामावर येताना कपाळ पुसून ये, एवढंच म्हणाले. म्हणून मी कामावर आलेय."

"पुसली तर देव रागावतो का?" आर्लननं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"देव कशाला रागावेल? फादर म्हणतात लगेच धुतली तरी चालते."

"ती मिस ऑर आता कुठं असते?"

"मेली."

"आणि तो कारखाना?"

"तिथं फ्लॅट झालेत."

"मग हे नक्की कोणाविरुद्ध आहे?"

गोरेटीनं यावर प्रामाणिकपणे विचार केला. "आता तुम्हीच समोर आलात, म्हणून तुमच्याविरुद्ध. वाईट वाटून घेऊ नका."

आर्लन उठला, गुडघे झटकले आणि फोन करायला गेला. फोन अमेरिकेतल्या वकिलांना होता, आणि प्रश्न साधा होता : राख ही खूण की कण? खूण असेल तर ती पुसायला लावणं म्हणजे कायद्याचा प्रश्न. कण असेल तर न पुसणं म्हणजे नियमाचा प्रश्न. वकिलांनी बराच वेळ आपसांत बोलून कळवलं की याबाबत लेखी काही देऊ नये.

दरम्यान आतलं काम थांबत नव्हतं, आणि हाच गोरेटीचा खरा छळ होता. कपड्यांच्या खोलीला एक काच आहे, तिच्यातून चौथा कक्ष दिसतो. थर चढलेली वेफरं पुढच्या थरासाठी फार वेळ उघडी ठेवता येत नाहीत. वरचा धातू हवा खातो आणि माल नासतो. आदल्या यंत्रावरून एक पेटी येऊन चार नंबरच्या तोंडाशी थांबली होती. यंत्रावर पिवळा दिवा लागला.

"दिवा लागला," हेझल म्हणाली.

"दिसतंय मला."

"तू सांग, मी जाते. तू सांगितलंस तर जाईन."

गोरेटी काचेकडं बघत राहिली. पेटीतली वेफरं आदल्या दिवशी तिनंच पहिला थर चढवून पुढं पाठवलेली, आता पुढच्या थरासाठी परत आलेली. कपाळ पुसायला पुसण्याचा एक फटकारा पुरला असता, आणि पोशाख करून ती वेळेत यंत्रापाशी पोचली असती.

"नको," ती म्हणाली.

पिवळ्याचा लाल झाला. आतल्या मुलीला चार नंबरची परवानगी नव्हती; तिनं काचेकडं बघून दोन्ही हात पसरले आणि पेटी उचलून भंगाराच्या फळीवर ठेवली. गोरेटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं, पण हात वर नेताना फार जपून, गालापर्यंतच.

"तू रडतेस की काय?" हेझल म्हणाली.

"बेकन झोंबतंय."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या बाहेर आलो. पोशाख उतरवून, पाय पलीकडून अलीकडं फिरवून, त्या दोघींच्या अंगावरून. कॅन्टीनमध्ये मासे होते. उपासाचा दिवस, एकच जेवण, त्यामुळं सगळ्या आधीच चिडलेल्या. तेरेसानं माशाचा एक तुकडा काट्यानं इकडून तिकडं ढकलला आणि उठली.

"कुठं चाललीस?"

"सेंट युजीन चर्चला. दुपारची मिस्सा आहे."

"अगं, सकाळी तर राख घेतलीस."

"सकाळची बेसिनात गेली," तेरेसा म्हणाली.

यात बंड वगैरे काही नव्हतं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनी गाड्या काढल्या, बाकीच्या मागं बसल्या. एकाच दिवशी दोनदा राख घ्यावी की नाही याबद्दल चर्चचं म्हणणं काय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायला कोणी थांबलं नाही. रांगेत फादर हेगार्टींनी पहिल्याच चेहऱ्याला ओळखलं.

"तू सकाळी येऊन गेलीस ना?"

"हो, फादर. टिकली नाही."

फादरांनी मागची रांग बघितली. बहुतेक सगळे चेहरे सकाळचेच. या वेळी अंगठा फक्त जरा जास्त दाबला.

आम्ही परत आलो तेव्हा बाकावर आधीच दोघी होत्या. उरलेल्या बाकावर मावल्या तेवढ्या बसल्या, बाकीच्या जमिनीवर, भिंतीला टेकून. सगळ्या घाणीच्या बाजूला. सगळ्यांच्या कपाळावर काळे, ओलसर, नवे क्रूस. मध्ये एकटं हेझलचं कपाळ कोरं.

"हे बरं आहे," हेझल म्हणाली. "आता मीच घाणेरडी दिसतेय."

गोरेटीनं एकेकीकडं बघितलं. "कोणी सांगितलं होतं गं तुम्हाला हे सगळं करायला?"

"तुझ्यासाठी कोण करतंय," तेरेसा म्हणाली. "तू आपली बस गप."

काचेपलीकडं एकेका यंत्रावर पिवळे दिवे लागत गेले. युजीन बेसिनापाशी उभा होता, स्वच्छ कपाळ घेऊन. कोणीतरी विचारलं, "युजीन, तुझं काय?" तो म्हणाला, "मी पाळीप्रमुख आहे," आणि कोणी त्याला पुढं छेडलं नाही. त्याचं त्यालाच लागलेलं होतं.

आर्लन परत आला, दारात थांबला आणि सगळी कपाळं बघून घेतली. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात याचं काही नव्हतं. नियमाप्रमाणं त्याला आता अख्ख्या पाळीची परवानगी काढून घ्यावी लागणार होती, आणि मग डोक्यांचा कारखाना खोकी बांधणाऱ्या बायकांच्या जोरावर चालवावा लागणार होता.

तेव्हा युजीन घसा साफ करून म्हणाला, "आर्लन, आज यंत्रांची देखभाल आहे."

"आज?"

"आज. देखभालीच्या दिवशी पाळीनं पोशाख करायचा नसतो, हजर फक्त राहायचं असतं. नियमात आहे. पोशाख करायचाच नव्हता, तर नकार कोणी दिला?"

आर्लननं विचारलं, "ही देखभाल नियोजित आहे का?"

"हो."

"कधीपासून?"

"हजारेक वर्षांपासून," युजीन म्हणाला.

आर्लन हसला नाही. सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "मग ती सकाळपासूनच सुरू झाली असं धरू," आणि दुरुस्तीवाल्यांना बोलावणं गेलं. चार नंबरचं यंत्र त्यांनी उघडून पुसलं, बंद केलं. ते आधीच स्वच्छ होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही बाकावर आणि जमिनीवर बसून होतो, आणि हेझलनं आम्हाला पोपशी भांडलेल्या लूथरबद्दल बरंच काही ऐकवलं.

गोरेटीची परवानगी राहिली. निवृत्त होईपर्यंत ती चौथ्या कक्षातच होती, आणि भंगारात गेलेल्या त्या पेटीची आठवण काढणाऱ्याला ती खोलीबाहेर जायला सांगे. त्यानंतर दर वर्षी पेनीबर्न हेड्समध्ये हिवाळा संपता संपता एक दिवस नियोजित देखभालीचा असे, नेहमी बुधवारी, पण तारीख दर वर्षी वेगळी. कधी फेब्रुवारीत, कधी मार्चात. मुख्य कचेरीनं एकदा याचं कारण विचारलं. युजीननं कळवलं की ती चंद्रावर अवलंबून असते; ईस्टर चंद्रावरच ठरतो, तेव्हा ते खोटं नव्हतं. कारखाना नदीकाठी आहे, त्यामुळं त्यांना वाटलं भरती-ओहोटीचा काही संबंध असावा. पुन्हा कोणी विचारलं नाही.

त्या पहिल्या बुधवारची कचेरीतली नोंद अशी : नियोजित देखभालीमुळे उत्पादन बंद. एक पेटी देखभालीत बाद. सदर दिवशी कोणत्याही बाह्य कणाचा क्लीनरूममध्ये प्रवेश झालेला नाही. कोणत्याही उगमाने नियमभंग केलेला नाही. उगमांपासून कोणताही कण बाहेर पडणार नाही याची संपूर्ण व्यवस्था होती व आहे.

गोरेटी त्या दिवशी कपाळ न धुता झोपली. गुरुवारी सकाळी उशीचा अभ्रा काळा झाला होता.